पापडाचे वजन आणि कामाचे मोल

मुंबईत ठाकूरद्वारच्या नाक्यावरून पूर्वेकडे चालू लागले की थोड्याच वेळात भुलेश्वरचा बाजार लागतो. १९५९ साली याच गिरगाव परिसरातील सात गृहिणींनी पापड लाटून ते भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकायला सुरुवात केली. समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले होते. १५ मार्च रोजी लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर काम सुरू झाले आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. पहिल्या वर्षाची एकूण विक्री ६,१९६ रुपये होती. पुढे हाच उद्योग 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' या नावाने देशभर पसरला. आज त्याच्या सभासद बहिणींची संख्या चाळीस हजारांहून अधिक आहे. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

ही यशोगाथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असेल. या लेखात आपण तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. गच्ची लवकरच अपुरी पडू लागली, तेव्हा भिजवलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून वाळवायचे आणि केंद्रावर आणून द्यायचे अशी पद्धत पडली. म्हणजे काम हजारो स्वयंपाकघरांत चालते. तेथे मुकादम नाही, भोंगा नाही, हजेरीपट नाही. तरीही पापड सगळीकडे सारखा पातळ, सारखा गोल आणि त्याच चवीचा लागतो. हे कसे साधते? कोणी लक्ष ठेवत नसताना माणूस चांगले काम का करतो, आणि कधी करत नाही? अर्थशास्त्रात गेली पन्नास वर्षे या प्रश्नाचा कसून अभ्यास होत आहे. या विषयातील कामासाठी २०१६ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ऑलिव्हर हार्ट आणि बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना मिळाले. शिक्षकांशी तर या प्रश्नाचा फारच जवळचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

दिवसावर की नगावर?

कामाचा मोबदला देण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एक, वेळेवर: दिवसाची मजुरी किंवा महिन्याचा पगार. दुसरी, नगावर: जितके काम तितके पैसे. दोन्ही रीती गिरणगावात शेजारी शेजारी नांदत होत्या. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये साचेखात्यातील विणकरांना साधारणपणे विणलेल्या कापडाच्या मापावर पैसे मिळत, तर त्रासनखात्यात म्हणजे सूतकताईच्या विभागात पुष्कळ कामगारांना ठरलेला पगार असे. हा फरक का?

विणकराच्या हाती त्याचे स्वतःचे साचे असत. तुटलेला धागा तो किती चटकन जोडतो आणि साचा किती वेळ बंद राहू देतो, यावर कापडाची लांबी ठरे, आणि ते कापड अमक्याने विणले हे सांगता येई. उलट सूतकताईत यंत्राचा वेग आधीच ठरलेला आणि अनेकांचे हात एकाच कामाला लागलेले. तेथे अमुक सूत कोणाचे हे वेगळे काढणे कठीण. यातून एक साधा नियम दिसतो. जे काम एकेका माणसाचे म्हणून मोजता येते आणि ज्यावर त्याचा ताबा असतो, तेथे नगावर मजुरी चालते. जेथे हे शक्य नसते तेथे वेळेवर.

नगावर मजुरी दिल्याने काम खरोखर वाढते का? अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लेझियर यांनी मोटारींच्या काचा बसवणाऱ्या 'सेफलाइट' या कंपनीच्या नोंदी तपासल्या. १९९४-९५ च्या सुमारास या कंपनीने तासाचा पगार बंद करून बसवलेल्या काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली. दर कामगारामागे होणारे काम सुमारे ४४ टक्क्यांनी वाढले. मात्र यातला जवळपास अर्धाच भाग त्याच कामगारांनी अधिक काम केल्यामुळे आलेला होता. बाकीची वाढ मुख्यतः माणसे बदलल्यामुळे झाली. झपाट्याने काम करणाऱ्यांना नवी पद्धत फायद्याची वाटली, म्हणून तसे कामगार कंपनीत येऊ लागले आणि टिकू लागले. म्हणजे मोबदल्याची पद्धत दोन कामे करते: आहे त्या माणसाला हलवते आणि कोण येणार, कोण जाणार हेही ठरवते. दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो.

जे मोजाल ते वाढेल

पापडाची लाटणावळ वजनावर मिळते. आता समजा, केंद्राने फक्त वजन पाहिले. मग लाटणारीच्या दृष्टीने सर्वांत फायद्याचे काय? पापड जाड लाटावा, नीट वाळवू नये. जाड पापड लवकर लाटून होतो आणि ओलसर पापड वजनाला भरतो. किलो वाढतील, पण तळणीत पापड फुलणार नाही आणि पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल.

होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९९१ साली हाच मुद्दा गणिताच्या साहाय्याने मांडला. बहुतेक कामांना अनेक अंगे असतात. त्यांतली काही सहज मोजता येतात, काही येत नाहीत. मोजता येणाऱ्या अंगावर भरपूर बक्षीस लावले की माणूस आपला वेळ आणि लक्ष तिकडे वळवतो आणि न मोजलेले अंग उपाशी राहते. यात कोणी लबाड असण्याची गरज नाही. दिवसाचे तास मोजकेच असतात, एवढे एक कारण पुरते. म्हणून न मोजता येणारे अंग महत्त्वाचे असेल, तर मोजता येणाऱ्या अंगावरचे बक्षीस सौम्य ठेवणे किंवा सरळ पगार देणेच शहाणपणाचे ठरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दुसरा उपाय म्हणजे न दिसणारे अंग तपासता येईल अशी सोय करणे. गिरण्यांनी यासाठी दंडाचा मार्ग धरला. कापडात दोष निघाला की विणकराच्या मजुरीतून पैसे कापले जात. कित्येकदा ते खराब कापडच त्याच्या गळ्यात मारून किंमत वसूल होई. पण दोष विणकराचा की खराब सुताचा, हे ठरवणार मालकाचा माणूस. त्यामुळे ही कपात कामगारांच्या कायमच्या तक्रारींपैकी एक झाली. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने दंडावर रुपयामागे अर्ध्या आण्याची मर्यादा घातली. दर ठरवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असला की दुसरीही अडचण येते. १९२८ साली मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगार जवळजवळ सहा महिने संपावर होते. दोनऐवजी तीन साचे सांभाळण्याची सक्ती आणि दरांतील कपात ही त्या संपाची मोठी कारणे होती. आज जास्त काम करून दाखवले तर उद्या दर कमी होईल, अशी भीती असली की नगावरच्या मजुरीची धार बोथट होते.

पापडाच्या बाबतीत तपासणी तुलनेने सोपी आहे. पीठ केंद्रातच मळले जाते, त्यामुळे सर्वांना एकाच प्रतीचा माल मिळतो आणि दोष पिठाचा की हाताचा हा वाद उरत नाही. पापड परत आले की ते पाहून, हाताळून, चाखून पारखता येतात. किती पिठाचे किती पापड व्हायला हवेत हेही ठाऊक असते. सेफलाइटमध्येही असेच होते. सदोष बसलेली काच ज्याची त्याने पुन्हा बसवून द्यायची, तीही वेगळे पैसे न घेता. नगावर मजुरी आणि प्रतीची पारख या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालाव्या लागतात.

सुरुवातीला या सात जणी दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगल्या आणि एक स्वस्त. छगनबाप्पांनी त्यांना एकच उत्तम प्रत ठेवा, तिच्यात तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा, असा सल्ला दिला. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा सल्ला फार मोलाचा आहे. प्रत एकच असली म्हणजे 'हा पापड चालेल की नाही' याचे उत्तर कोणालाही देता येते. दोन प्रती असल्या की प्रत्येक सैल पापडाला दुसऱ्या टोपलीत जागा मिळते.

तीनशे जणींची वाटणी

लिज्जतचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. लाटणाऱ्या बहिणी नोकर नाहीत, सहमालक आहेत. नफा-तोटा त्यांचाच असतो, आणि कोणी कोणते काम केले वा कोण किती जुनी हे न पाहता नफा समान वाटायचा असे तत्त्व आहे. कित्येकदा ही वाटणी सोन्याच्या नाण्यांच्या रूपानेही झाली आहे. 'मालकी आपली म्हणून काम चांगले' असे स्पष्टीकरण यावरून चटकन दिले जाते. ते पुरेसे आहे का, हे आकड्यांनी तपासू.

समजा, एका शाखेत ३०० बहिणी आहेत. एकीने वर्षभर विशेष काळजी घेतली आणि त्यामुळे शाखेचा नफा ३०० रुपयांनी वाढला. तिच्या वाट्याला त्यातला १ रुपया येईल. उलट तिने हयगय करून ३०० रुपयांचे नुकसान केले, तर तिचा तोटाही १ रुपयाच. कष्ट पूर्ण आपले, फळ तीनशेव्या भागाइतके. निव्वळ हिशेब करणारी व्यक्ती म्हणेल, बाकीच्या २९९ जणी आहेतच की! होल्मस्ट्रॉम यांनी १९८२ साली दाखवून दिले की गटाचे सगळे उत्पन्न गटातच वाटले जात असेल, तर केवळ वाटणीच्या नियमांमधून प्रत्येकाकडून पूर्ण कष्ट मिळवता येत नाहीत. गट जितका मोठा, तितकी ही अडचण मोठी.

मग सहमालकीचा उपयोग काय? आमच्या मते येथे दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहायला हव्यात. रोजच्या मेहनतीला बळ मिळते ते रोज हाती पडणाऱ्या लाटणावळीतून. सहमालकीचे काम निराळे आहे. ती तपासणीला मान्यता मिळवून देते. पापड परत करणारी बाई मालकाची माणूस नसते, ती आपल्यातलीच एक बहीण असते. तिने कडक राहावे यात सर्वांचे हित असते. निर्णय सहमतीने होतात आणि एकीचाही विरोध असेल तर निर्णय अडू शकतो, त्यामुळे दर आपल्या पाठीमागे कापला जाईल ही गिरणीतली भीती येथे कमी होते. गिरणीत दंड जे करू शकला नाही, ते येथे विश्वासाने झाले असे दिसते.

समान वाटणी आणि कामानुसार लाटणावळ या दोन तत्त्वांचे भांडण होत नाही का? ओडिशात एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांनी केलेला एक प्रयोग येथे आठवतो. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तिघातिघांचे गट करून सुमारे महिनाभर काम दिले होते. काही गटांत तिघांना सारखी मजुरी, काहींत कमी-जास्त. आपल्याला सोबत्यापेक्षा कमी मिळते हे कळताच त्या कामगारांचे काम आणि हजेरी दोन्ही घटले. स्वतःची मजुरी बुडत असूनही ते गैरहजर राहू लागले! मात्र सोबती जास्त काम करतो हे जेथे डोळ्यांना स्पष्ट दिसत होते, तेथे असमान मजुरीने कोणी बिथरले नाही. पापडाचे वजन सर्वांसमोर काट्यावर होते. किलो दिसतात, म्हणून लाटणावळीतला फरक पटतो. कोणाचे योगदान किती हे जेथे दिसत नाही, तेथे समान वाटणी भांडण टाळते.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगायला हवी. नगावरच्या मजुरीत आजारपण, पावसाळा, म्हातारपण यांचा भार लाटणारीवर पडतो. मनगट दुखू लागले की किलो कमी होतात आणि लाटणावळही. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले होते. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची युक्ती निघाली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर मोबदल्याची प्रत्येक पद्धत कष्टाला चालना देता देता जोखीमही कोणाच्या तरी अंगावर टाकते. ती पेलण्याची ताकद कोणात आहे, हे पाहणे न्यायाचा प्रश्न आहे.

पैशाने बिघडते तेव्हा

पैसे लावले की वागणूक नेहमी इष्ट दिशेनेच बदलते, असे नाही. इस्रायलमधील हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी यांनी एक प्रयोग केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा ठिकाणी दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाला. आधी पालकांना बाईंना तिष्ठत ठेवल्याची लाज वाटे. दंड आल्यावर तो जास्तीच्या वेळेचा दर वाटू लागला. पुढे दंड रद्द केला, पण उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. एकदा मोडलेली रीत पुन्हा जुळवणे कठीण, हा या प्रयोगाचा खरा धडा आहे.

आणि कधी कधी दोष कामगाराच्या उत्साहाचा नसतोच. तारापूर आणि उंबरगाव येथील कापड कारखान्यांत निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निवडक कारखान्यांना सल्लागारांकरवी साध्या सवयी लावून दिल्या: बिघाडांची नोंद ठेवणे, सूत रांगेने व नावनिशीवार लावणे, दोषांची रोज चर्चा करणे. पहिल्या वर्षातच उत्पादकता सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. हवे ते सूत सापडतच नसेल, तर विणकराला बक्षीस लावून काय उपयोग?

शाळेचा निकाल

आता आपल्या शाळांकडे वळू. शिक्षकांचा पगार निकालाशी जोडावा, ही सूचना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली लेखन, वाचन आणि गणित यांच्या परीक्षेत मुले किती उतरतात यावर शाळांचे अनुदान ठरू लागले. मुंबई इलाख्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाजगी शाळांना निकालांवर अनुदान देण्याची पद्धत होती. इंग्लंडमध्ये घोकंपट्टी वाढली, परीक्षेत नसलेले विषय मागे पडले आणि शतक संपता संपता ही पद्धत मोडीत निघाली. जाड पापडाचीच ही गोष्ट.

अलीकडचे प्रयोग मात्र एकाच दिशेला बोट दाखवत नाहीत. केनियात परीक्षेच्या गुणांवर शिक्षकांना बक्षिसे लावली, तेव्हा शिक्षकांची गैरहजेरी घटली नाही, परीक्षेच्या तयारीचे जादा तास तेवढे वाढले. गुण चढले, पण ते टिकले नाहीत. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी केलेल्या मोठ्या प्रयोगात मात्र मुलांची प्रगती झाली, आणि बक्षीस नसलेल्या विषयांतही झाली. तेथे बक्षीस पगाराच्या मानाने लहान होते, मोजमाप सर्व मुलांच्या सरासरी प्रगतीचे होते आणि प्रश्नपत्रिकेत समज तपासणारे प्रश्नही होते. उदयपूर भागात 'सेवा मंदिर' या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत एस्थर द्युफ्लो आणि सहकाऱ्यांनी हजेरीवर पगार बांधला. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी एका विद्यार्थ्याने मुलांसह शिक्षकाचे छायाचित्र काढायचे. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांचे शिकणेही सुधारले.

या तीन प्रयोगांतून काय घ्यावे? शिक्षकाच्या कामाची कितीतरी अंगे कोणत्याच काट्यावर चढत नाहीत. मागच्या बाकावरच्या मुलाला प्रश्न विचारण्याचे धैर्य देणे, नापास झालेल्या मुलीला शाळेत टिकवणे, सहकाऱ्याला आपली युक्ती सांगणे. निकालावर मोठे बक्षीस लावले तर या गोष्टींचा वेळ सराव-परीक्षांकडे जाईल, अशी भीती रास्त आहे. पण म्हणून काहीच तपासू नये, असेही प्रयोग सांगत नाहीत. वर्गावर हजर असणे ही तपासता येणारी आणि बाकी सगळ्याचा पाया असणारी गोष्ट आहे.

वर्गात करून पाहा

नववी-दहावीच्या वर्गात हा विषय एका तासात उभा करता येतो. जुन्या वर्तमानपत्रांची पाकिटे करायला द्या. वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटात प्रत्येकाच्या पाकिटांमागे गुण. दुसऱ्या गटात सगळ्यांच्या पाकिटांचे गुण सारखे वाटायचे. तिसऱ्यात प्रत्येकाच्या पाकिटांमागे गुण, पण मूठभर तांदूळ घालून जे पाकीट फाटेल ते बाद, आणि ही तपासणी गटातल्याच मुलांनी करायची. पंधरा मिनिटांनी तिन्ही गटांची पाकिटे मोजा आणि पहिल्या दोन गटांची पाकिटेही तांदूळ घालून तपासा. किती टिकली, किती फाटली याचा तक्ता फळ्यावर मांडा. दुसऱ्या गटात मन लावून काम कोणी केले आणि का केले, हे मुलांनाच विचारा. मग गटात चाळीसऐवजी चारच मुले असती तर काय झाले असते, हेही विचारा.

मुलांची उत्तरे नीट ऐका. काही जण गुणांसाठी करतील, काही शेजाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून, काही केवळ पाकीट छान झाले पाहिजे म्हणून. मोबदल्याची कोणतीही पद्धत आखताना ही तिन्ही प्रकारची माणसे समोर असतात, आणि पुष्कळदा एकाच माणसात तिन्ही असतात. पुढे कधी तुमच्या शाळेत बक्षीस किंवा दंड सुरू करायचे ठरले, तर त्याआधी कागदावर दोन याद्या करा: यामुळे काय मोजले जाईल आणि काय मोजले जाणार नाही. दुसऱ्या यादीवर आधी चर्चा करा.